भोपळ्यांच्या खोलीची किंमत

बावीस वर्षं मावशींनी किडे पाळले. फळसंशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत मांडण्यांवर लाल भोपळे, भोपळ्यांवर पिठासारखी पांढरी कीड, तीच जी द्राक्षांच्या मुळावर उठते, आणि ती कीड खाऊन वाढणारे चिमुकले ढालकिडे. ते मोठे झाले की मावशी डब्या भरून बागांमध्ये सोडून यायच्या. हुद्दा मदतनीस, पण सगळे म्हणायचे किडेमावशी. सून तर त्यांचा टॉवेलही वेगळा वाळत घालायची. मावशी हसून सोडून देत, पण मनाला लागायचंच.

एकदा खर्च तपासायला वरून तपासनीस आले. केंद्रप्रमुखांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मावशी, विचारलंच तर कीड वाढतेय म्हणा. नाहीतर खोली गेली समजा."

तपासनिसांनी विचारलं, "इतक्या वर्षांत फायदा काय झाला?" आणि मावशींची मान आपोआप ताठ झाली.

"साहेब, दहा वर्षांत आसपासच्या एकाही बागेचं या किडीनं नुकसान केलेलं नाही!"

"मग जी कीड त्रासच देत नाही, तिच्यासाठी खर्च कशाला?" त्यांनी वही मिटली.

मावशींनी आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता. महिन्याभरात खोलीला कुलूप लागलं. भोपळे, किड्यांसकट, त्यांनाच मागच्या खड्ड्यात पुरायला लावले आणि त्यांना बसवलं दप्तरखान्यात, फायली झटकायला. गरज सरो, वैद्य मरो!

बागांत आधी सोडलेले ढालकिडे होते, पण त्यांची पिल्लं दिसतात हुबेहूब त्या किडीसारखी, पांढरी, लोकरीची. दरवर्षी मावशी ओळीओळीतून फिरून सांगायच्या, "अहो, याला मारू नका, हा आपला राखणदार." यंदा सांगायला कुणी नव्हतं. बागवाल्यांनी पांढरं दिसलं की फवारलं. राखणदार मेले. खरी कीड सालीखाली दडून वाचली, आणि पुढच्या हंगामात घड चिकट होऊन काळे पडले.

तपासनीस पुन्हा आले, जाडजूड अहवाल घेऊन. बागेगणिक नुकसान मांडलेलं. दप्तरखान्यात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्या खोलीची किंमत एवढी होती! तेव्हा आकडा का नाही सांगितलात?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाची किंमत केली होती. मावशींना बरं वाटायला हवं होतं. आला तो फक्त संताप.

"तेव्हा नुकसानीचा आकडा शून्य होता, साहेब. तो शून्य राहावा म्हणूनच तर मी राबत होते."

"बरं, आता पुन्हा सुरू करू. किडे कुठं आहेत?"

मावशींनी हातातल्या फडक्यानं खिडकीबाहेरचा खड्डा दाखवला आणि पुढची फाईल झटकायला घेतली.