आमचा गुरुवार

पिकअपमध्ये नाशिकला न्यायचं सामान चढवून झालं तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती. कळवणपासून आत आमचं गाव आणि शाळेला लागूनच आमचं घर, त्यामुळे निम्मी शाळा निरोप द्यायला कुंपणाशी उभी होती. माझी तन्वी नुकतीच दुसरीत गेली होती. तिला मांडीवर घेऊन मी पुढे बसले. आई खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "खोली कशी का असंना, शाळा जवळची बघ. शाळा जवळ असली का मानसं भेटत्यात." मी नुसती मान हलवली. मला तेव्हा कपाटाची दोरी सुटेल याचीच काळजी होती.

गावाकडच्या बायांनो, तुम्ही फोनवर विचारता, नाशिकला करमतं का. मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं तर आई दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन दारात उभी राहील. इथे लिहितेय म्हणून खरं सांगते, मला अजिबात करमत नव्हतं. नवऱ्याला शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी लागली होती. तो सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. गावात दुपारी दार लावलं तर लोक विचारतात, घरात कोणी आजारी आहे का. इथे उघडं ठेवलं तर विचारतात. दिवसभरात माझ्याशी बोलायचा तो मिक्सर, आणि तोही ओरडूनच.

शाळा मात्र आईने सांगितल्यासारखी जवळची मिळाली. गल्लीच्या टोकालाच महापालिकेची शाळा होती, तिथे तन्वीचं नाव घातलं.

आपल्या गावच्या शाळेत दुपारच्या खिचडीसाठी प्रत्येक घराचा वार ठरलेला असतो. ज्याचं मूल शाळेत, त्याच्या घराचा एक वार. त्या दिवशी त्या घरची भाजी, आणि ती आईने स्वतः नेऊन शाळेच्या पडवीत बसून निवडायची. आमचा गुरुवार होता. तुम्हाला हे सांगायला नको, पण माझ्यासारख्या इतर गावांतून इकडे आलेल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगितलं. मला तर वाटायचं जगातल्या सगळ्या शाळा अशाच चालतात.

तर पहिल्याच गुरुवारी, भावाने मार्केटला येणाऱ्या गाडीतून पाठवलेली मेथी मी पिशवीत भरली आणि शाळेत गेले. गेटवरच्या वॉचमनने आधी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, इथं जेवण गाडीतून येतं, तयार. बाहेरचं काय चालत नाय."

"मग ही कोणाला देऊ?" मी विचारलं.

पोरांना न्यायला गेटवर थांबलेल्या बाया हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. माझे कान तापले. परत फिरायचं तर रस्ता त्यांच्यातूनच होता. तेवढ्यात एक बाई पुढे आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "एवढी ताजी मेथी! चला, बसा तिकडे. शाळा सुटायला वेळ आहे, दोघी मिळून निवडू." ही वैशालीताई, मागच्या कॉलनीतली. तिचा सम्यक तन्वीच्याच वर्गात होता. शाळेसमोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर आम्ही मेथी निवडली आणि निम्मी निम्मी वाटून घेतली. त्या दिवशी नाशिकमध्ये मला पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

मग दर गुरुवारी भाजी माझी, ओटा दोघींचा. इतर वारी नुसत्या गप्पा. वैशालीताईच्या लेखी ही शाळा म्हणजे देवमाणूस. तिची थोरली आजारपणात घरी बसली होती, तेव्हा इथल्या बाई तीन जिने चढून तिला परत न्यायला आल्या. ती मुलगी आज नर्सिंगला आहे. मलाही बाई चांगल्याच भेटल्या. तन्वी "व्हय बाई" म्हणाली की वर्ग हसायचा. तर बाईंनी तिला पुढे उभं करून कांद्याचं रोप कसं लावतात ते विचारलं. सगळा वर्ग चिडीचूप ऐकत होता म्हणे.

नवऱ्याला दिसलेली शाळा मात्र वेगळीच. तो अर्धी रजा टाकून बाईंना भेटायला गेला तेव्हा बाई सर्वेक्षणाच्या ड्युटीवर, आणि दोन वर्ग एका खोलीत कोंबलेले. पुन्हा गेला तेव्हा बाई ट्रेनिंगला. तो चिडून घरी आला. "रिकामी खुर्ची बघायला गाव सोडलं का आपण?" त्याचं खोटं नव्हतं. त्याने पाहिलं ते त्याने पाहिलं, मी पाहिलं ते मी. जूनपासून तन्वीला व्हॅनने इंग्रजी शाळेत पाठवायचं त्याने मनाशी पक्कं केलं.

तन्वीला इथेच बरं आहे म्हणून मी खूप भांडले. शेवटी खरं ते बोलले, "त्या गेटवर मला कोणीतरी ओळखतं."

तो हळूच म्हणाला, "शाळा पोरीसाठी असते गं."

मला त्याचा राग आला आणि तो बरोबर आहे हेही कळलं. व्हॅन दाराशी येणार, दाराशी सोडणार. मग मी घराबाहेर पडायचं ते कशाला?

त्या थंडीत भावाच्या साखरपुड्याला गावी गेले. तिथे नेमका गुरुवार आला. मी हरखून शेतातली वांगी, कोथिंबीर खुडली आणि शाळेच्या पडवीत जाऊन बसले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी धावत बाहेर आल्या. "अगं, तू कशाला? गुरुवार आता शोभाला दिलाय. तू पाव्हणी, बस, खाऊन जा." शोभा शेजारीच पालक निवडत होती. तिने सरकून जागा दिली, हसलीसुद्धा. शोभा, तुझ्यावर राग नाही, वार रिकामा ठेवून कसं चालेल? पण ती खिचडी मी शेजारच्या पोराच्या ताटात सरकवली. आपल्याच शाळेत पाहुणी झाले होते मी.

जून आला. तन्वी व्हॅनमध्ये चढली, हात हलवला आणि गेली. तिला आवडते ती शाळा, हेही सांगायला हवं. घर एकदम शांत झालं. मी दिवसभर त्याच त्या खोल्या आवरत राहिले.

मग गावाकडून मेथीची पिशवी आली. पंख्याखाली बसून निवडायला घेतली आणि दोन काड्यांतच उठले. पिशवी उचलली, कुलूप लावलं आणि गल्लीच्या टोकाला गेले. ओट्यावर वैशालीताई एकटीच बसली होती. मला पाहून ती सरकली आणि तिने पेपर पसरला.

वॉचमन रस्ता ओलांडून आला. "ताई, तुमची पोरगी गेली ना इथून? मग आज कोणाला न्यायला आल्यात?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "आज गुरुवार. आज माझा वार आहे."