शेवटाआधी उठणारी सारिका

सिनेमा संपत आला की सारिका उठायची. चपला हातात घ्यायची आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडायची. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत शनिवारी दुपारी चित्रकलेच्या वर्गात पडदा लावून मी मुलींना सिनेमे दाखवत असे. वयात येणाऱ्या, अबोल, कोपऱ्यात बसणाऱ्या नायिकांचे सिनेमे मला भारी आवडतात. मी स्वतः त्याच जातकुळीची. पन्नाशी उलटली तरी घरी बोलायला भिंतीच.

सारिका जवळच्याच औंढे गावची, नववीतली. तिचं 'हजर' मला ओठांवरून ओळखावं लागे. तिच्या शेजारी कोणी बसत नसे.

एकदा मी तिला दारातच गाठलं. "काय गं, एवढं कसलं घाईचं काम असतं तुला?"

"काम न्हाई बाई. आता ती पिच्चरमधली पोर बोलाया लागंल. तिला मैतरणी मिळत्याल." चपला खाली टाकत म्हणाली, "मग ती माजी न्हाई ऱ्हात."

मग मीही हट्टाला पेटले. शेवटपर्यंत गप्प राहणारी नायिका शोधता शोधता सारिकाची दहावी संपत आली, तेव्हा कुठे एक सापडली. "आज उठायचं नाही," मी बजावलं. ती बसली. पडद्यावरची पोरगी शेवटी एकटीच घरी चालत गेली. बाकीच्या मुली कंटाळून पळाल्या.

"बाई, ही तशीच ऱ्हायली."

"हो गं."

"मग आता हिला कोण हाय?"

खुर्ची सोडून मी तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. शिपाईमामा कुलूप घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसून होतो. इतकी चांगली सोबत मला कोणी दिली नव्हती.

पुढे ती तळेगावला एका कारखान्यात लागली. दर शनिवारी फोन करायची.

"काय करताय बाई?"

"काही नाही. तू?"

"काय न्हाई."

मग तिच्याकडे कुकरची शिट्टी, माझ्याकडे पंख्याची घरघर. फोन ठेवायची घाई दोघींनाही नसायची.

गेल्या उन्हाळ्यात म्हणाली, "लगीन ठरलं बाई. त्ये लय बोलके हायेत. म्हंत्यात, तुलाबी बोलती करीन." आणि चक्क हसली. मग नवऱ्याच्या गावाबद्दल, नणंदांबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिली. मला आनंद झाला, खरंच झाला.

त्यानंतर तिचा फोन नाही. ती आता बोलत असेल, मैत्रिणीही मिळाल्या असतील. असंच व्हायला हवं होतं. शनिवारी दुपारी मात्र घर खायला उठतं, आणि सारिका शेवटाआधी का उठून जायची, ते मला आता कळतं.