सुरकुतीवरची चांदी

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी मी हसायचो. फिजिक्समध्ये पीएचडी करतोय, त्यामुळे "मोजता येतंय का?" हा माझा ठरलेला प्रश्न. आता जे लिहितोय ते मोजता येत नाही... आणि विसरताही येत नाही.

आमची लॅब कोल्हापुरात. माझ्याबरोबर अश्विनी, पन्हाळ्याची, रोज स्कूटीवरून ये-जा करणारी. दोघांचं काम एकच. ग्राफीन म्हणजे कार्बनचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा पडदा. त्यावर चांदीची वाफ सोडायची आणि तिचे सूक्ष्म कण कसे तयार होतात ते बघायचं. चांदी तिथं रंगासारखी पसरत नाही. अळवाच्या पानावर पाणी गोळा होतं तशी थेंबाथेंबानं गोळा होते. फक्त हे थेंब इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. अश्विनीचे कण कायम एकसारखे यायचे, माझे कधीच नाहीत. सर तिचं कौतुक करायचे... मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मायक्रोस्कोपवर माझा नंबर होता. दुपारची वेळ, खोलीत मी एकटाच. स्क्रीनवर नवीन सॅम्पल, आणि पुन्हा तेच लहान-मोठे, वेडेवाकडे कण. डोकं फिरलेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "डावीकडं सरकव की जरा. तिथं सुरकुती हाय बघ, चांदी तिच्यावरच जमलीया."

वळून बघितलं तर अश्विनी. निळा ड्रेस, केस विस्कटलेले.

"आलीस शिकवायला? मर की तिकडं!"

आमच्याकडे हे रोजचं बोलणं. पण त्या दिवशी मी ते मनापासून म्हणालो. ती नुसती बघत राहिली. मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं सॅम्पल डावीकडे सरकवलं. खरंच, पडद्याला बारीक सुरकुती होती आणि तिच्यावर चांदीचे कण माळेसारखे ओळीनं बसलेले. मी फोटो काढून ठेवला. वाईट वाटलं. सॉरी म्हणायला उठलो, तर खोलीत कुणीच नाही. बाहेर शिपाईमामांना विचारलं.

"अश्विनीताई? त्या आज आल्याच न्हाईत की."

मग तिच्या भावाचा फोन आला. सकाळीच पन्हाळ्याच्या उतारावर गाडी घसरली होती. डोक्याला मार. तेव्हापासून ती दवाखान्यात बेशुद्ध होती.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर भेटायला गेलो. तिच्या आई उशाशी संत्रं सोलत बसल्या होत्या. अश्विनी बारीक आवाजात म्हणाली, "मला येडं सपान पडलं बघ. तू मायक्रोस्कोपवर बसलेलास. मी सुरकुती दाखवली, तर तू म्हणालास, मर तिकडं. लई रागानं म्हणालास रे... मला वाटलं, आता माघारी जायलाच नको."

सुरकुतीचा तो फोटो मी तोवर कुणालाही दाखवला नव्हता.

"मी इतक्या रागानं म्हणीन का तुला?" मी म्हणालो. "डोक्याला मार लागल्यावर होतात असले भास."

"तेच म्हटलं," ती हसली. "तू न्हाई असं बोलायचास."

तिच्या आईंनी संत्र्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाल्या, "खा बाळा. तुझ्यासारखी माणसं हायत म्हणून धीर हाय." मी त्या तशाच मुठीत धरून बाहेर आलो.

अश्विनी त्या खोलीत कशी आली, मला आजही कळलेलं नाही. उत्तर शोधायचं तर तिच्याशीच बोलावं लागेल... आणि मग ते स्वप्न नव्हतं, हेही सांगावं लागेल. आता ती शेजारच्याच टेबलावर बसते. अजून माझं तोंड उघडलेलं नाही.