चिनी काकांची निरोपाची काडी

चिनी काकांच्या घरून कोणी रिकाम्या हाताने परतला नाही. प्रत्येकाला कडुलिंबाची एक काडी मिळायची. काका पाहुण्याला सोडायला रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या रस्त्यापर्यंत येत, तिथे ओळीने उभ्या असलेल्या जुन्या कडुलिंबांची एक बारीक फांदी मोडत आणि हातात देत. पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला माझा मामा पहिल्या खेपेला म्हणाला, "काका, दात घासून आलो हो मी!"

"दातून नाही हे, निरोप आहे," काका म्हणाले.

जुन्या चिनी कवितांत माणूस दूर निघाला की सोबती त्याला विलोच्या झाडाची फांदी तोडून देतो. रायपुरात विलो कुठला? काकांनी कडुलिंबावर भागवलं होतं.

काका मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत मालबाबू होते. चिनीचं एक अक्षरही येत नव्हतं. हिंदी भाषांतरातून त्या कविता वाचत आणि आपल्या बोलीत सांगत, म्हणून चिनी काका. गल्लीतले पोट्टे ओरडत, "चाचा, चाऊमीन कब खिलाओगे?" काका त्यांच्यासोबत हसत. मी एकदा फटकन विचारलं, "भाषाच येत नाही, तर कळतं काय तुम्हाला?"

"मले चिनी येत नाही, पोट्टी. पण झाड तं येते. उडून गेलेला पक्षी येते. तेवढ्यावर वाचून राहिलो."

आमचं भांडण एका फुलावरून होतं. त्या कवितांत दरबारातून हाकललेला अधिकारी स्वतःला दरीतलं फूल म्हणवतो. तिथे कोणी येत नाही, कोणी बघत नाही, तरी ते सुगंध देत राहतं. काका याला राजावरची भक्ती म्हणत, मला संताप यायचा. "ही भक्ती नाही काका, गुलामी आहे! राजानं हाकललं तर मोर्चा काढायचा. फूल काय व्हायचं?"

"हव," काका म्हणाले. "अन् त्या मोर्च्याचं पत्रक आज कोण वाचून राहिलं असतं?"

मी चिडले, कारण पत्रकं मीच लिहायचे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि रस्ते रुंद करायचं खूळ निघालं. तात्यापाऱ्याचे कडुलिंब त्यात जाणार होते. ते वाचवायला आम्ही सभा घेतल्या, घोषणा दिल्या. काकांनी माझं पत्रक वाचलं आणि परत दिलं. "यात विनाश आहे, षड्यंत्र आहे. कडुलिंब काहून नाही?"

त्याच मोहिमेत आम्ही शहराच्या कडेला एका मोकळ्या जागेत कडुलिंबाची रोपं लावली. फोटो काढले, गाणी म्हटली, घरी आलो. पाण्याचा विषयच कोणी काढला नाही. सगळ्या चळवळीत असंच होतं, मी तरी असंच पाहिलं आहे. मे महिन्यात सहज तिकडे गेले, तर काका सायकलला डबे टांगून पाणी घालत होते. एकूण एक रोप जिवंत.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

मी सांगितलं. सांगितलं काय, छापलं! सरकार झाडं मारतं आणि एक म्हातारा माणूस ती जगवतो, अशा मथळ्याचं पत्रक काढलं. रस्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांना लाज वाटावी म्हणून ते बैठकीत त्यांच्या पुढ्यात ठेवलं. साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "दीदी, आपने ही लिखा है कि नए पेड़ अच्छे से बढ़ रहे हैं। फिर पुराने की इतनी चिंता क्यों?"

पत्रकातला शब्द न् शब्द खरा होता.

तात्यापाऱ्याच्या कडुलिंबांची ओळ तोडली गेली. मी काकांकडे गेले तेव्हा शिव्या खायची तयारी होती. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाले, "तू खोटं नाही ना लिहिलं." त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी सोडायला ते दारापर्यंतच आले. हात मागे बांधलेले होते.

पुढे काकांचे गुडघे गेले आणि त्यांच्या मुलीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. गाडीच्या दिवशी मी काडी शोधायला निघाले. तात्यापाऱ्यात नुसतं डांबर. मग रोपांकडे गेले. खांद्याएवढी झाली होती. एकाची कोवळी फांदी बोटांत धरली, आणि सोडली.

स्टेशनवर काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "काही आणलं नाही?"

"नाही."

"बरं केलं." गाडी हलली तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाले, "उन्हाळा लागून राहिला, पोट्टी."

आता पाण्याचे डबे माझ्या स्कूटीला असतात. लोक विचारतात, कौनसी संस्था? मी म्हणते, कोणतीच नाही. आणि हे लिहितानाही हात आखडतो, कारण सांगू नको म्हटलेलं मी पुन्हा छापतेच आहे. काकांचं खरं नाव त्यामुळेच इथे नाही. ती रोपं नेमकी कुठे आहेत, तेही या वेळी लिहीत नाही.