आधी पदवी, की आधी चूल?

आमच्या घराचा नाताळातला आवडता सिनेमा आम्ही ज्या क्रमाने पाहिला, त्या क्रमाने तो दुसऱ्या कोणीही पाहिला नसावा.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरचा तो पहिलाच नाताळ. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी सुट्टीत नागपूरहून वाशीमला घरी आले होते. पुढे एम. एस्सी. करण्याची परवानगी मिळवायची, एवढाच माझा हेतू होता. वडील वकील. कोर्टात ते ठामपणे बोलत; घरात मात्र निकाल त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या, देई.

दर नाताळात गावाबाहेर फिरत्या सिनेमाचा तंबू लागे आणि कोणता खेळ पाहायचा हेही आत्याच ठरवी. त्या वर्षीच्या सिनेमात एक मुलगी कॉलेजात शिकते, लग्नानंतर सासूशी उद्धटपणे वागते, नवरा आजारी पडताच पुस्तके चुलीत घालून सुधारते, असा बोध होता. माझ्या हेतूला इतका घातक सिनेमा शोधूनही सापडला नसता. पण यंत्रावरच्या माणसाने रिळांची उलटापालट केली. चूल आणि पश्चात्ताप आधी आले; ‘समाप्त’ ही पाटी मध्यंतराची समजून लोक चहाला उठले; आणि परत आल्यावर ती मुलगी थाटात कॉलेजात गेली. झगा घालून तिने पदवी घेतली आणि दिवे लागले.

आत्या प्रसन्न झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने वडिलांना सांगितले, “बापू, पोरीचं आता ठरलं. पहिले लगन, मंग कालेज. सिनेमात कसं दाखवलं?”

मी पुराव्यानिशी विरोध केला. “आत्या, रिळं चुकली होती. कॉलेजातल्या भागात तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.”

“घरी ठेवून आली असन. कालेजात चोऱ्या होतात.”

“आणि जाळलेली पुस्तकं?”

“जुनी जाळली, नवी घेतली. तुले एवढं शिकून इतकंही समजत नाई काय वं?”

निरीक्षणाशी विसंगत असे काहीच तिच्या सिद्धान्तात उरू शकत नव्हते. माझी पंचाईत निराळीच होती. मी सत्य सिद्ध केले असते, तर सिनेमा पुस्तके जाळण्यावर संपला असता. गप्प राहिले, तर आधी लग्न होते. वडिलांनी वर्तमानपत्र उघडून चेहरा झाकला.

सुट्टी संपण्यापूर्वीच अकोल्याच्या एका स्थळाकडून मुलाची आई मला पाहायला आली. पोहे संपण्याच्या आत आत्याने अट घातली, “लगन झाल्यावर पोरगी कालेजात जाईन. त्या सिनेमातल्यासारखी.”

पाहुण्या बाईंनी बशी खाली ठेवली. “तो सिनेमा आमी अकोल्यात पाह्यला, बाई. त्यात पोरगी शेवटी पुस्तकं चुलीत घालते. मले तर लय आवडला.”

“ते तं आधी घालते!”

“आधी कायले घालन? शिकल्याबिगर पुस्तकं येतीन कुठून?”

प्रश्न निर्दोष होता. खुद्द मलाही तो इतक्या नेमकेपणाने मांडता आला नव्हता. आत्या माझ्याकडे वळली. “तू होती ना संगं? सांग यायले, शेवटी काय झालं?”

वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला सारले. साक्षीदाराने विचारले तेवढेच सांगावे, हे त्यांच्याच घरात मी शिकले होते.

“आम्ही पाहिला त्यात,” मी म्हणाले, “शेवटी ती पदवी घेते.”

विधान अक्षरशः खरे होते. कारणमीमांसा कोणी विचारली नव्हती.

“म्हंजे मी लबाड बोलून राह्यली?” म्हणत बाई उठल्या. चहासाठी त्या थांबल्या नाहीत.

आत्याने पानाला चुना लावला. मग म्हणाली, “ज्या घरात सिनेमासुद्धा धड समजत नाई, तिथं आपली पोरगी द्याची नाई. तिले पुढं शिकाले नागपूरले जाऊ दे, बापू. शिकलेली असली म्हंजे असल्या बायांले जबाब तं देईन.”

वडील म्हणाले, “मलाही असंच वाटत होतं.”

ते त्यांना नेमके केव्हापासून वाटत होते, हे मी विचारले नाही. मी ट्रंक भरायला घेतली.