सायलेन्सरला कुठला रंग लावायचा?

सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो. तो बघायला कुणी जमिनीवर आडवं पडत नाही. तरी आमच्या घरात त्याच्या रंगावरून जेवणं गार झाली, म्हणजे बघा.

गाडी माझ्या वडिलांची, आबांची, म्हणजे माझ्या माहेरची, गव्हाणची. आमची मिठागरं होती तेव्हा त्यांनी हौसेने घेतलेली. गोल नाकाची, आणि दारं अशी की धाडकन आपटल्याशिवाय लागायची नाहीत. वडील गेल्यावर ती आमच्याकडे पनवेलला आली आणि ताडपत्रीखाली पडून राहिली. हे रिटायर झाले, त्यांनी ताडपत्री काढली, आणि तिथून माझा छळ सुरू झाला. इंजिन झालं, सीटा झाल्या. सायलेन्सर कुजला होता, तोही नवा बनवून आणला. एवढ्यात माझ्या थोरल्या भावाचा फोन. दादाच्या नातीची हळद ठरली होती.

“बाय, हळदीला आबांची गाडी आन. माझे गुडघे गेले, मी काय आता पनवेलला येत नाय. एकदा बसू दे मला तिच्यात.”

एवढंच त्याचं मागणं. मी हो म्हणून मोकळी झाले, आणि ह्यांनी रंगाचं काढलं.

आपल्या खाऱ्या हवेत कोरं लोखंड ठेवलं तर गंजणारच, हे मलाही कळतं. साधा रंग सायलेन्सरच्या उष्णतेने जळतो, हेही कळलं. मग उष्णता सोसणारा रंग आणायचा आणि लावायचा, की नाही? नाही! एका डब्यावर दोनशे डिग्री लिहिलेलं, दुसऱ्यावर सहाशे. एक चंदेरी, एक काळा, एक राखाडी. मोबाइलवर एक माणूस म्हणतो स्प्रे मारा, दुसरा म्हणतो ब्रशच बरा. मी कोळंबी सोलत बसलेली, आणि हे मला विचारतात, “तुला काय वाटतं, मॅट की ग्लॉसी?” मला काय वाटत होतं ते मी बोलले नाही, एवढंच.

बाजारातली दुकानं संपली तसे सुकापूरच्या दुकानात गेलो. मीही गेले, म्हटलं आज डबा घेतल्याशिवाय ह्यांना घरी आणायचं नाही.

“काका, चंदेरी घ्या. सगळे तोच नेतात,” दुकानदार म्हणाला.

“जुन्या गाडीला चंदेरी? तमाशा दिसेल.”

“पण बघणार कोण? खाली तर असतो!”

“मी बघणार.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. “काकू, तुम्हीच सांगा.”

“मला नको विचारू रे बाबा. माझं ऐकत असते तर आम्ही रिक्षाने फिरलो असतो.”

शेवटी सहाशे डिग्रीचा काळा घेतला. हळद तोंडावर आली होती. ह्यांनी पाइप घासून चकचकीत केला आणि आधी रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या साध्या प्रायमरचा, एक हात मारला. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा तो विटकरी रंग वाळत होता. आमच्याकडे ग्रिल असो, गेट असो, पाण्याचा स्टँड असो, पावसाळ्याआधी पहिला हात त्याचाच. तो न लावता लोखंड रंगवणं म्हणजे उटणं न लावता दिवाळीची आंघोळ. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यावर काळा चढला. दिसत होता छान, खोटं कशाला बोलू.

हळदीच्या दिवशी निघालो. मी नऊवारी नेसलेली, ह्यांचा पांढरा झब्बा. गव्हाण फाट्याच्या अलीकडे वास यायला लागला, मग खालून धूर. गाडी बाजूला घेतली. हे झब्ब्यासकट खाली आडवे. वर आले तेव्हा हातात काळ्या रंगाचा पापुद्रा, त्याच्या पाठीला विटकरी भुकटी. डबा डिकीतच होता, लोकांना दाखवायला घेतलेला. ह्यांनी चष्मा लावून आता तो वाचला.

“थेट कोऱ्या लोखंडावर लावावा, असं लिहिलंय. खाली साधा प्रायमर नको. तो जळतो.”

“हे आता वाचताय? इतके दिवस त्या डब्यावर काय बघत होतात?”

“डिग्री,” हे म्हणाले.

मी तो डबा हिसकावून परत डिकीत टाकला.

“परत जाऊ,” हे म्हणाले. “अशी गाडी चारचौघांत नेऊ? मी उद्या सगळं खरवडतो, नीट लावतो.”

“सायलेन्सर फुटलाय का? इंजिनाला काही झालंय?”

“नाही, नुसता रंग जळतोय.”

“मग जळू द्या. उद्या हळद नाही, आज आहे. दादा खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसला असेल. चला.”

तोंड पाडून चालवली, पण चालवली. आम्ही मांडवाशी पोचलो ते धूर सोडतच. दादाला दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या सीटवर बसवला. त्याने डॅशबोर्डवरून हात फिरवला, हाताची हळद सगळीकडे लागली. मग दार स्वतःच धाडकन ओढून लावलं.

ह्यांना मात्र चैन नाही. टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली. पाहुण्यांतले चार जण उकिडवे बसून सल्ला द्यायला लागले. कुणी म्हणे चंदेरीच लावायला पाहिजे होता. कुणी म्हणे दुबईला त्याच्या मेव्हण्याने कुठला तरी पांढरा लावला होता.

दादाने काच खाली करून मान बाहेर काढली.

“बाय, जावयांना काढ गो खालून! मला गावात एक चक्कर मारायचीय.”

मी खाली वाकले आणि ह्यांचा पाय धरून ओढला.