पाठ असलेले पासवर्ड

केडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्या एका काकांचं सायबर कॅफे होतं. मोबाईलवर नेट आलं तसं गिऱ्हाईक आटलं, आणि आता त्याच गाळ्यात ते झेरॉक्स काढतात. एके काळी निम्म्या केडगावचे ईमेल त्यांनीच उघडून दिले. पासवर्डही त्यांनाच पाठ. कुणी विसरून आलं, की "तिकडं बघा" म्हणायचे आणि स्वतः टाईप करायचे. ज्याचा पासवर्ड, त्यालाही दिसू द्यायचे नाहीत.

वडील गेल्यावर त्यांच्या मेलमधले जुने फोटो आईला हवे होते. आम्ही दोघं गाळ्यात गेलो.

"वहिनी, तिकडं बघा."

आम्ही मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. मेल उघडला. महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो होते, स्वेटर घातलेले वडील होते. आई बराच वेळ बघत बसली.

निघताना तिने विचारलं, "भाऊजी, पासवर्ड काय होता?"

"कुनाला सांगू नको म्हनले हुते."

"अहो, मी बायको त्यांची!"

"व्हय. तुमचं नाव घेऊनच म्हनले हुते."

वडील गेल्यापासून आई पहिल्यांदाच हसली. ते मात्र हसले नाहीत. पुढच्या गिऱ्हाईकाचं रेशनकार्ड मशीनवर सरळ करत होते.